पट्टीकर

कोड लिहायच्या बहुतेक एडिटरांच्या तळाशी एक बारीक पट्टी असते. कर्सर कितव्या ओळीवर, कितव्या कॉलमवर आहे, फाइल यूटीएफ-८ आहे की आणखी काही, ओळ विंडोजच्या पद्धतीने संपते की युनिक्सच्या, हे ती बिचारी कोणी न विचारता सांगत असते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये तिची उंची जेमतेम २२ पिक्सेल. शंभरातल्या नव्व्याण्णवांचं तिच्याकडे आयुष्यात लक्ष जात नाही. उरलेला एक म्हणजे आमचा पट्टीकर. हे त्याचं आडनाव नव्हे, पण आता हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर खरं आडनाव कोणाला आठवत नाही.

एरवी माणूस सोशिक. पगारवाढीचं पत्र उघडून "चालायचंच" म्हणतो. कॅन्टीनच्या आमटीत डाळ शोधत बसत नाही. भूमकर चौकात तासभर बस अडकली तरी शांतपणे घोरतो. पण एडिटरची नवी आवृत्ती आली आणि ओळीचा आकडा दोन पिक्सेल जरी सरकला, तरी हा स्क्रीनचा फोटो काढून, मोठा करून, त्यावर लाल बाण काढून सगळ्यांना दाखवत फिरतो.

मागे कंपनीच्या स्वतःच्या छोट्या एडिटरबद्दल मीटिंग होती. विषय दोन. पहिला, फाइल सेव्ह करण्याचा सगळा कोड नव्याने लिहिलाय, तो घ्यायचा का? काही चुकलं तर लोकांच्या फायली जातील असं प्रकरण. सगळ्यांनी माना डोलावल्या, कोणीतरी "दिसतंय ठीक" म्हणालं आणि विषय मंजूर. दुसरा विषय, ओळ-कॉलमचा आकडा उजवीकडून डावीकडे न्यायचा. पट्टीकर खुर्ची पुढे ओढून बसला.

"का हलवला?"

"सर, डावीकडे जागा रिकामी होती," नवीन पोरगी म्हणाली.

"रिकामी होती म्हणजे बेवारस होती असं नाही."

मग गाडी "ओळ १२, कॉलम ४" लिहायचं की नुसतं "१२:४", यावर आली. साहेब म्हणाले, कोलन घातला तर मला वाटेल बारा वाजून चार मिनिटं झाली. टेस्टिंगवाल्याने स्वल्पविराम सुचवला. चार्जर शोधायला आत आलेल्या एचआरच्या बाईंनीही उभ्या उभ्या मत दिलं. लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचं नाव वर, यावरून घरात जशी जुंपते तशी जुंपली, आणि त्या गदारोळात पट्टीकराचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

या वृत्तीची नोंद नॉर्थकोट पार्किन्सनने १९५७ सालच्या पुस्तकात करून ठेवली आहे. त्याची कमिटी एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास भांडते. भट्टी कोणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. पट्टीकराने हे वाचलेलं आहे. तो म्हणतो, "शेडच्या रंगावर वाद घालू नये हे मला शंभर टक्के मान्य. पण इथे प्रश्न रंगाचा नाहीच, जागेचा आहे."

रंगाचा प्रश्न आला तेव्हाही तो गप्प नव्हता म्हणा. व्हीएस कोडची पट्टी पूर्वी निळी असायची, फोल्डर न उघडता बसलात तर जांभळी, डीबगिंग सुरू केलं की नारिंगी. २०२३ साली मूळ थीम बदलली आणि निळा रंग गेला. पट्टीकर सुतक असल्यासारखा वावरत होता. सेटिंगमध्ये दोन-तीन ओळी टाकल्या की निळा परत येतो, आणि त्या त्याने पहिल्याच दिवशी टाकल्या होत्या. तरी वाद चालूच. "माझं सोड रे. बाकीच्यांनी काय करायचं?" बाकीचे कामात होते.

त्याचं खरं दैवत म्हणजे ईमॅक्स हा एडिटर. तिथे ओळी एकपासून मोजतात आणि कॉलम शून्यापासून. २०१८ साली कॉलमही एकपासून मोजायची सोय आली, तीही ज्याला हवी त्याच्यापुरती. एवढ्यावरही हा हळहळला. "सवय लागते रे लोकांना."

आणि तरीही या माणसाला उडवून लावता येत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये वर्षानुवर्षं वर्ड रॅप चालू केला की पट्टीच गायब व्हायची. २०१८ मध्ये ते सुधारलं. असल्या गोष्टी सुधारतात त्या कोणीतरी चिवटपणे कुरकुरल्यामुळेच, असं माझं मत आहे. त्या मीटिंगमध्येही त्याने मध्येच लॅपटॉप फिरवला आणि "नमस्कार" टाइप केलं. "मोजा. डोळ्याला अक्षरं चार. युनिकोडच्या हिशेबाने सात, कारण पाय मोडलेला स, त्याचा हलन्त, काना, सगळे वेगळे. विम एडिटर आधी बाइट मोजतो, ते एकवीस. आता सांगा, मराठी लिहिणाऱ्याला पट्टीत कॉलम कितवा दाखवायचा?"

खोली गार. त्या दिवसातला एवढा एकच प्रश्न कामाचा होता आणि त्यावर कोणालाच मत नव्हतं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पट्टीकरानेच सगळ्यांची सुटका केली. "ते अवघड आहे, नंतर बघू. आधी कोलनचं ठरवा."

कोलनचं ठरलं नाही. आकडा उजवीकडेच राहिला, डावीकडे हवा असेल त्याच्यासाठी सेटिंग ठेवलं, आणि ते अजून कोणी वापरलेलं नाही. तुमच्या ऑफिसात असा कोणी असेल तर पट्टीला हात लावण्याआधी त्याला जरूर विचारा. फक्त लेखी विचारा, आणि शुक्रवारी संध्याकाळी मुळीच विचारू नका.