नवे बिऱ्हाड, पुणे ४१

पुण्यात नोकरी धरून, लग्न करून आणि कर्ज काढून फ्लॅट घेणारे जोडपे मूळचे कुठले, हे त्याच्या पत्त्यावरून बहुधा ओळखता येते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा माणूस कात्रज, आंबेगाव, नऱ्हे, धायरी या पट्ट्यात घर बघतो. नगर आणि मराठवाड्याकडचा वाघोली-खराडीला जातो, नाशिककडचा मोशी-भोसरीला. गावाकडची एसटी पुण्याच्या ज्या तोंडाने बाहेर पडते त्या तोंडाशी घर, असा हा सरळ हिशेब आहे. ऑफिस हिंजवडीला आहे ही गोष्ट नंतर ध्यानात येते. घर दाखवायला रविवारी सकाळी नेतात आणि रविवारी सकाळी नवले पुलावर फारशी गर्दी नसते. ‘‘हिंजवडी काय सर, पंचवीस मिनिटं,’’ हे सेल्सच्या मुलाचे विधान त्या वेळेपुरते खरेही असते.

नमुन्यादाखल नऱ्ह्यातले जोडपे घेऊ. आंबेगाव आणि धायरी ही गावे २०१७ साली महापालिकेत आली, नऱ्हे २०२१ साली. त्यामुळे पत्त्यात ‘पुणे’ लिहिताना इथल्या माणसाचा हात अजून किंचित ठळक चालतो. नवरा कोल्हापूरकडचा, बायको चिपळूणची. चिपळूणची गाडी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला हायवेला लागते आणि पुण्यात येताना याच नवले पुलापाशी थांबते. दोन्ही घरचे लोक एकाच थांब्यावर उतरतात, हा या जागेचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. सांगणारे अर्थात दोन्ही घरचे लोकच असतात.

सॅम्पल फ्लॅट पाहिल्यावर घर ठरते. सॅम्पल फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड नसतो, धान्याची कोठी नसते आणि मुक्कामाला आलेले काका नसतात, म्हणून तो मोठा दिसतो. बायको ओट्याची उंची बघते, नवरा मोबाइलला रेंज किती येते ते बघतो, आणि गॅलरीतून सिंहगड दिसतो यावर दोघांचे एकमत होते. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या चौदा मजले उभे राहणार आहेत, हे त्या दिवशी कोणी काढत नाही.

मग पैशांची बाजू. घर साडेबासष्ट लाखांचे धरू. तीस लाखांच्या पुढे आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. म्हणजे कर्ज पन्नास लाख. उरलेले साडेबारा लाख ‘आपले’ असतात. यातला ‘आपले’ हा मामला तपासला तर त्यात त्याच्या वडिलांची मोडलेली मुदत ठेव निघते, तिच्या प्रॉव्हिडंट फंडातला एक तुकडा निघतो, आणि तिच्या वडिलांनी ‘‘परत वगैरे बघू नंतर’’ म्हणून दिलेली, आणि म्हणूनच कधीही न विसरली जाणारी, एक रक्कम निघते. याशिवाय मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणीचे तीस हजार, बांधकाम चालू असताना घेतले तर जीएसटी ५ टक्के. हे सगळे मिळून सात लाख ऐंशी हजार होतात, आणि हे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. १ एप्रिल २०२१ पासून ही सवलत आहे, आणि दोघांचे नाव लागले की ती जाते. इथे एरवी बाहेर न येणारी मते बाहेर येतात. त्याच्या आईला दोघांची नावे लागण्यात समानता दिसते. तिच्या आईला त्यात साडेबासष्ट हजार रुपये दिसतात. दोघींचे फोन एकाच संध्याकाळी येतात. शेवटी दोघांची नावे लागतात आणि ते साडेबासष्ट हजार पुढे कितीतरी वर्षे भांडणाच्या शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवले जातात.

पन्नास लाखांना साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता ४३,३९१ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजाला जातात आणि ७,९७४ मुद्दलात. साडेसहाशे चौरस फुटांच्या घरात या ७,९७४ रुपयांना एक चौरस फूटसुद्धा येत नाही. पहिला महिनाभर राबून जोडप्याने बाथरूममधली एक फरशी सोडवलेली असते, तीही पूर्ण नाही. हा हिशेब नवरा एकदा एक्सेलमध्ये मांडतो, बायकोला दाखवतो, आणि दोघे ती फाइल पुन्हा उघडत नाहीत.

ताबा मिळाला की वास्तुशांत. मुहूर्त आणि बिल्डरची तयारी यांचा संबंध नसतो. मुहूर्ताच्या दिवशी लिफ्टला प्लायवूडचे पत्रे ठोकलेले असतात, गॅसची जोडणी व्हायची असते, आणि दूध उतू घालवायचा मान इंडक्शनच्या शेगडीला मिळतो. या शेगडीवर दूध सांडताच ती किर्र वाजून बंद पडते. गुरुजी अनुभवी असतात. ‘‘गेलं, गेलं उतू, दिसलं मला,’’ म्हणून ते पुढचा मंत्र धरतात. कोल्हापूरच्या आत्या मात्र दूध पूर्वेकडे सांडले की पश्चिमेकडे यावर जेवणापर्यंत बोलत राहतात. पूर्व कुठली हे मोबाइलमधल्या होकायंत्रावर पाहिले जाते. ते प्रत्येकाच्या हातात वेगळी पूर्व दाखवते.

सामानाचा क्रम ठरलेला आहे. आधी वाय-फाय येतो, मग गादी, मग फ्रिज, आणि पलंग सर्वांत शेवटी, कारण पलंग कसा हवा यावर मतभेद असतात. त्याला लाकडी हवा असतो, तिला खाली कप्पे असलेला. तोवर गादी जमिनीवर. ‘‘जपानमध्ये सगळे असंच झोपतात,’’ असे आलेल्या मित्रांना सांगितले जाते.

घर लागले की आहेर उघडतात. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असले तरी भिंतीवरची घड्याळे येतातच. त्यांना बहुधा आहेरात धरत नाहीत. त्यातले एक लावायचे ठरते, आणि नव्या घराची पहिली खरी ओळख इथे होते. अलीकडच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात. साइटवर या पद्धतीला मिवान म्हणतात. काम झटपट उरकते, विटा आणि गिलाव्याची कटकट राहत नाही. आणि भिंतीत खिळा जात नाही. गावाकडच्या मातीच्या आणि विटांच्या भिंतींत वाढलेल्या माणसाला हे आधी खरे वाटत नाही. रविवारी दुपारी तो स्टुलावर चढतो. बायको खाली घड्याळ धरून उभी.

‘‘अरे, वाकला तो.’’

‘‘वाकू दे. आत जातोय.’’

‘‘आत कुठे जातोय? बाहेर येतोय.’’

चौथ्या खिळ्याला इंटरकॉम वाजतो: आठशे एकच्या काकू झोपल्या आहेत. पुढच्या शनिवारी हॅमर ड्रिल घेऊन इलेक्ट्रिशियन येतो. तो भोकामागे पैसे घेतो, म्हणून आधी भोकांची यादी होते, मग यादीतली भोके कमी केली जातात. दुसऱ्या भोकाला स्वयंपाकघरातला दिवा जातो. ‘‘पाइप इकडनं नेलाय होय,’’ एवढे म्हणून तो काम थांबवतो. घड्याळ शेवटी जिथे भोक पडले तिथे, म्हणजे बेडरूमच्या दाराच्या मागे लागते, आणि वेळ बघायची तर दार लावून घ्यावे लागते. उरलेली घड्याळे पुढे इतरांच्या वास्तुशांतीला जातात. बिल्डिंगमधल्या बऱ्याच घड्याळांनी एकाहून जास्त मांडव पाहिलेले असतात.

स्वयंपाकघराचा प्रश्न ड्रिलने सुटत नाही. कोल्हापूरहून कांदा-लसूण चटणी येते, तीही दोन माणसांच्या मानाने नव्हे. उन्हाळ्यात घरच्यांसाठी डंकावर कांडून आणलेल्या चटणीतला पोराचा वाटा म्हणून येते. चिपळूणहून नारळ, कोकम, कुळथाचे पीठ, तांदूळ आणि फणसाचे सगळे प्रकार येतात. हे पार्सल रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिलेले असते आणि पहाटे नवले पुलापाशी जाऊन उतरवून घ्यावे लागते. ‘‘पाच वाजता पोचेल,’’ असे आईने सांगितले तर गाडी साडेचारला येते. सात वाजता सांगितले तरी साडेचारलाच येते. पुलाखाली त्या वेळी हेल्मेट घालून उभी असलेली माणसे बहुतेक नवविवाहित असतात.

तिच्या हातची नारळ वाटून केलेली आमटी त्याला आजारी माणसाच्या जेवणासारखी वाटते. त्याने केलेला रस्सा खाताना तिचे नाक वाहते. दोघेही हे पहिले तीन महिने सांगत नाहीत. मग एक दिवस तो आमटीवर वरून चटणी भुरभुरतो, आणि जे बोलायचे राहिले होते ते सगळे त्या संध्याकाळी बोलून होते. तोडगा म्हणून मिसळणाचे दोन डबे होतात. बुधवारी आणि रविवारी रस्सा. बाकीचे दिवस नारळ. शुक्रवारी दोघांनाही कंटाळा म्हणून बाहेरून पनीर, जे दोघांच्याही घरी कधी शिजले नव्हते.

रोजच्या पोळ्यांसाठी मावशी लागतात. जोडप्याची समजूत अशी असते की मुलाखत आपण घेणार आहोत. मावशी आत येतात, ओटा बघतात, कणीक मळायची परात उचलून वजन बघतात आणि विचारायला लागतात. ‘‘दोघंच ना? पाहुणे किती येत्यात?’’ नवरा ‘‘फारसे नाही,’’ म्हणतो. मावशींची नजर दारातल्या चपलांवर जाते. ‘‘गाव कोणतं?’’ कोल्हापूर म्हटल्यावर त्या दर वाढवून सांगतात. हा अनुभवाचा दर असतो आणि तो रास्त आहे, हे पहिल्याच महाशिवरात्रीच्या जोडून आलेल्या सुट्टीत सिद्ध होते. आठवड्याभरात मावशी स्वयंपाकघर आपल्या हाताच्या सोयीने लावून घेतात. सांडशी कुठे आहे, किसणी कुठे आहे, हे घरमालकांना माहीत नसते. रविवारी मावशींची सुट्टी असते, त्यामुळे रविवारी त्यांना फोन करून विचारावे लागते.

सोसायटीत जोडप्याचा वावर प्रथम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सुरू होतो आणि बराच काळ तिथेच राहतो. ग्रुपवर टँकर, पार्किंग आणि कबुतरे हे तीन विषय फिरत असतात. ओला कचरा-सुका कचरा वेगळा न ठेवणाऱ्यांच्या डब्यांचे फोटो पडतात. एका सकाळी त्यात ओळखीची फणसाची साले दिसतात आणि घरात शांतता पसरते. ग्रुपचा उपयोगही होतो. घरात स्वतः राहणाऱ्याला महापालिकेच्या मिळकत करात ४० टक्के सवलत असते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो, हे कायद्याच्या पुस्तकातून कुणाला कळलेले नाही. ते सहाशे चारच्या निवृत्त काकांच्या मेसेजमधून कळते. काकांचे हे उपकार आहेत, म्हणून त्यांचे सुप्रभातही सहन करायचे असते.

पहिले वर्ष सणांचे. दिवाळसण चिपळूणला, संक्रांतीचे हलव्याचे दागिने कोल्हापूरला, इथवर वाद नसतो. गणपतीला मात्र पेच पडतो. तिच्या घरी कोकणातला गणपती, त्याच्या घरी गौरी, आणि स्वतःचे घर झाले म्हटल्यावर ‘‘आता तुमचा वेगळा बसवा’’ म्हणणारेही असतात. वेगळा बसवला तर दोन्हीकडे जायला दिवस उरत नाहीत. न बसवला तर एवढे घर घेऊन काय केले, असे होते. दीड दिवसाचा बसवून तिसऱ्या दिवशी पहाटे हायवेला लागणे, हा सर्वमान्य उपाय आहे. त्या पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्याशी याच उपायाच्या गाड्यांची रांग लागते. त्यात अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचे वाण. २०२३ साली अधिक श्रावण होता. त्यानंतर लग्न झालेल्यांचा पहिला धोंडा २०२६ च्या अधिक ज्येष्ठात, म्हणजे १७ मे ते १५ जून या उन्हाच्या दिवसांत पडतो. एकट्याने तेहतीस अनारसे खाणारा जावई आता आयटीत मिळत नाही. ते सोमवारी ऑफिसला जातात आणि हिंजवडीतल्या एका मजल्याला साजूक तुपाचा वास सुटतो.

राहिली दुसरी बेडरूम. घर घेताना हिच्यासाठीच कर्ज बारा-पंधरा लाखांनी वाढलेले असते, कारण ‘‘आईबाबा येतील तेव्हा त्यांना त्यांची खोली हवी’’. या खोलीत टीव्हीचा आणि फ्रिजचा रिकामा खोका थर्मोकोलसकट असतो, कारण वॉरंटी संपेपर्यंत खोके टाकायचे नाहीत असे दोघांच्याही वडिलांनी बजावलेले असते. मधोमध कपड्यांचा स्टँड. कोपऱ्यात तिचे ऑफिसचे टेबल. कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच मागची भिंत रंगवलेली आणि तिच्यापुढे एक मनीप्लांट. आईबाबा कोल्हापूरहून येतात तेव्हा खोली आवरायला दोन रात्री जातात. बाबा दारातून आत बघतात, ‘‘झकास की,’’ म्हणतात आणि रात्री हॉलमध्ये पंख्याखाली गादी टाकून झोपतात. पहाटे पाचला उठून ते खाली जातात, गेटपाशी टँकरवाल्याशी बोलायला लागतात, तो करवीर तालुक्यातला निघतो, आणि बाबांचा मुक्काम असेपर्यंत सगळ्या सोसायटीला टँकर वेळेवर येतो.