नुसता तुकडा

कुत्र्याला शिकवणं अवघड नाही. घरात माणसंही राहतात, ही खरी अडचण आहे.

आमचा मोत्या काळा कुळकुळीत आहे. नाव आईनं ठेवलं. लेकीच्या डोक्यात इंग्रजी सिनेमातलं कुठलंसं नाव होतं, पण "मला हाक मारता आली पाहिजे" एवढ्या एका मुद्द्यावर आईनं विषय संपवला. "ब्रीड कुठलं?" असं विचारणाऱ्यांना बायको गंभीर चेहऱ्यानं "कोथरूड" म्हणून सांगते. चहाच्या टपरीमागे सापडलेल्या पिल्लाची याहून खरी वंशावळ मिळायची नाही. काहीजण तर "अच्छा, अच्छा" म्हणून मान डोलावतात.

पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर न्यायचं नसतं, कारण पार्व्होसारखे जीवघेणे आजार तिथूनच येतात. म्हणजे सगळे विधी घरात. पद्धत सोपी आहे. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळून दमलं, की लगेच ठरलेल्या जागी न्यायचं आणि काम उरकल्याबरोबर शाबासकी द्यायची. त्याच क्षणी, नंतर नाही. उशिरा दिलेला रट्टा कशाबद्दल होता हे कुत्र्याला कळत नाही. फक्त देणारा कोण होता ते लक्षात राहतं. आमची ठरलेली जागा म्हणजे बाल्कनीत पसरलेलं जुनं वर्तमानपत्र. मोत्यानं हा धडा इतका चटकन गिरवला, की आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत सुटलो.

माझे वडील रोज सकाळी जमिनीवर मांडी ठोकून, समोर पेपर पसरून वाचतात. वाचतात म्हणजे वाचत असत. एकदा ते चष्मा आणायला आत गेले आणि परत आले तर अग्रलेख भिजलेला. शेजारी मोत्या शेपूट हलवत शाबासकीची वाट बघत उभा. लेक नियमाला पक्की. तिनं "शाब्बास रे मोत्या!" म्हणून त्याला बिस्कीट दिलं. बाबांचा जो स्फोट झाला त्याला तिचं उत्तर तयार होतं : "आजोबा, तो शिकवल्याप्रमाणेच वागला. पेपर तुम्ही इथे टाकलात." त्या दिवसापासून बाबा टेबलाशी, खुर्चीत बसून वाचतात. त्यांच्या गुडघ्यांचे डॉक्टर हेच वर्षानुवर्षं सांगत होते, पण त्यांच्या सांगण्यात मोत्याइतका ओलावा नव्हता.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या संशोधनासाठी, पण जगाच्या लक्षात राहिली ती घंटा ऐकून सुटणारी त्याच्या कुत्र्यांची लाळ. आमच्याकडे त्याच्या घंटेचं काम कुकर करतो. मी मैदानात गाल दुखेपर्यंत शिट्टी मारली तरी मोत्याचा कान हलत नाही. घरात कुकरची पहिली शिट्टी झाली की मात्र स्वारी ओट्यापाशी हजर, कारण त्यामागून दहीभात येतो.

पण आमच्या घराला खरा लागू पडतो तो स्किनर. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांना पेटीत ठेवून त्यांच्या सवयींचा अभ्यास केला. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर थोड्याच वेळात नाद सोडतं. दाणा कधी मिळतो, कधी नाही असं असेल, तर ते बिचारं चोच मारतच राहतं. आता आमचं जेवणाचं टेबल बघा. ताटातलं कुणीही काही द्यायचं नाही, असा ठराव एकमतानं झालेला. मी देत नाही, बायको देत नाही, लेक देत नाही. बाबा तर पेपरप्रकरणापासून देणं शक्यच नाही. आई रोज देत नाही. "रोज कुठे देते? कधीतरी" हा तिचा बचाव, आणि नेमका तोच गुन्हा. रोज दिलं असतं तर परवडलं असतं. कधीतरी मिळतं म्हणून मोत्या मटक्याच्या आकड्यावर बसल्यासारखा रोज तिच्या खुर्चीला टेकून बसतो. लागला तर लागला, नाहीतर उद्या आहेच.

मी हे सगळं आईला कबुतरांसकट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले होते. मी तर तूपही लावत नाही." नामदेवांसमोर स्किनरचा काय पाड लागणार! मी फक्त लाडवातला बेदाणा आणि भाजीतला कांदा यांवर तह केला. बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे तिनं "शहरातली कुत्री नाजूकच" असं म्हणत मान्य केलं.

घराबाहेरचा अभ्यासक्रम वेगळा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही. त्या सूचना मी छापून खिशात ठेवल्या होत्या. बैठकीत त्या काढायची वेळच आली नाही, कारण लोकांचा प्रश्न कायद्याचा नव्हताच, "ते उचलणार कोण?" एवढाच होता. मी म्हणालो, मी. टाळ्या नाही पडल्या, पण त्या घटकेपासून माझ्या हातात रोज सकाळी कागदाचं पुडकं असतं. रविवारी त्या वेळी सगळी सोसायटी जिलबी आणायला बाहेर पडते आणि माझं पुडकं त्यांच्या पुडक्यांसारखंच दिसतं. एकदा लिफ्टपाशी तळमजल्यावरचे काका प्रसन्न मुद्रेनं म्हणाले, "वा, गरम आहे वाटतं!" मी हो म्हणालो. खोटं काय बोलायचं?

उन्हाळ्यात तर माझी प्रतिष्ठा आणखी वाढते. डांबर तापलं की कुत्र्याचे तळवे भाजतात. म्हणून फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू काही सेकंद रस्त्यावर टेकवून बघायची. आपल्याला सोसवलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. मी फाटकाशी वाकून हे करत होतो तेव्हा एक आजी "काय हरवलं रे बाळा?" म्हणत थांबल्या आणि माझ्याबरोबर शोधायला लागल्या. मोत्याही मदतीला आला. नाकाच्या बाबतीत तो आम्हा दोघांच्या कितीतरी पुढे असल्यामुळे त्याला एक जुना वडापावचा कागद सापडला. आता त्या आजी रोज त्याची चौकशी करतात. माझी नाही. इतकी वर्षं या इमारतीत राहून मला जेवढी माणसं माहीत नव्हती, तेवढी या साखळीचं टोक धरून चालताना भेटली. त्यांतल्या बहुतेकांना माझं नाव ठाऊक नाही, याचं मला वाईटही वाटत नाही.

वर्षातून एकदा रेबीजची लस टोचून घ्यायला आम्ही सहकुटुंब जातो. मोत्याला धरायला एक माणूस पुरतो. बाकीचे त्याला धीर द्यायला म्हणून येतात आणि सुई बघून स्वतःच डोळे मिटतात. यंदा डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, बरगड्या चाचपल्या, त्या लवकर सापडेनात, आणि चष्म्यावरून आमच्या सगळ्यांकडे बघत विचारलं, "याला खायला कोण घालतं?"

आम्ही कुणीच काही बोललो नाही. मोत्या मात्र वळून आईकडे बघायला लागला.

"मी काही पोळी देत नाही हो," आई म्हणाली. "नुसता तुकडा."

"दिवसाला किती तुकडे?"

आईनं मनातल्या मनात हिशेब केला. "एका पोळीचे होतील तेवढे."