आबांचा दत्तक

राणीसावरगावात "हे आपल्याकडं येत नाही" असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्यानं आधी आजूबाजूला आबा नाहीत ना, हे बघून घ्यावं. आबांच्या कानावर हे वाक्य पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "कामून येत नाही?" मग समोरच्याची सुटका नाही. "तुझ्या ठेच्यातली मिरची कुठली? अमेरिकेची. शाळंपुढचा गुलमोहर? मादागास्करचा. ते काय रेणुकामातेला कौल लावून आले व्हते?"

आबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी माणसं इकडून तिकडं नेण्यात गेली, त्यामुळं कुठलीही गोष्ट कुठंही नेता येते यावर त्यांची गाढ श्रद्धा. निवृत्तीनंतर केशर झालं, स्ट्रॉबेरी झाली. हिमाचलातल्या हरिमान शर्मांनी उन्हाळी मुलखात येणारं सफरचंद काढलं, हे वाचल्यापासून तर आबा हरिमान हे नाव पांडुरंगाच्या खालोखाल घेतात. पण हे सगळे किरकोळ प्रवासी. आबांच्या गाडीतला खरा मानकरी म्हणजे देवदार.

त्याचं असं झालं. निवृत्तीचे पैसे आले आणि आबा काकूंना घेऊन मनालीला गेले. तिथं हिडिंबेचं देऊळ आहे, 1553 सालचं, देवदारांच्या राईत आणि देवदाराच्याच लाकडाचं. बाकीची मंडळी याकवर बसून फोटो काढत होती. आबा एका बुंध्याला पाठ टेकवून वर बघत राहिले. टोपी मागं पडली तरी शेंडा दिसेना. गावाकडं देवदारी म्हणजे काय, तर यंत्राचे सुटे भाग ज्या हलक्या फळ्यांच्या खोक्यातून येतात ते, आणि नंतर चुलीत जातं ते. तो प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मीटर उंच असतो, त्याच्यावर काश्मीरच्या हाउसबोटी तरंगतात, इंग्रजांनी रुळांखाली त्याचेच स्लीपर घातले, हे ऐकून आबांना एकदम अपराधी वाटलं. खोक्याची ती फळी पाइनची असते, तिचा देवदाराशी संबंध नावापुरता, हे त्यांना पुढं कळलं. पण तोवर प्रायश्चित्त सुरू झालं होतं.

प्रायश्चित्त म्हणजे रोप. रोपवाटिकेतून वीतभर देवदार घेतला, ओल्या पंच्यात गुंडाळला आणि दिल्लीहून सचखंड एक्स्प्रेसनं परभणीला आणला. वाटेत काकूंना खिडकी मिळाली नाही, देवदाराला मिळाली. परभणीहून गावाकडं येताना एसटीतल्या तरण्या कंडक्टरनं विचारलं, "आबा, ह्याचं लगेज फाडू का?" आबा म्हणाले, "पाच वर्षांखालचं हाय. मांडीवर बसायलंय. कशाचं तिकीट?"

मे महिना होता. पारा 44. फुकट आलेला तो प्रवासी चौथ्या दिवशी उतरून गेला.

दुसरा माणूस इथं थांबला असता. आबांनी उत्तराखंडात असलेल्या गावच्या फौजीकडून बी मागवलं. देवदाराचं बी थंडीत राहिल्याशिवाय नीट उगवत नाही, असं त्यांना समजलं. ओल्या वाळूत मिसळून ते डब्यात भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. तीन-चार आठवडे. काकूंच्या फ्रिजमध्ये. पाहुणे आले, पुतणसुनेनं साखर समजून तोच डबा काढला, आणि त्या दिवशी अर्ध्या पाहुण्यांनी चहातला बदल तोंडावर न आणण्याचा मोठेपणा दाखवला. काकूंनी नंतर एवढंच विचारलं, "ह्या घरात मी ऱ्हाऊ का तुमचा हिमालय?" आबांनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

उरलेल्या बियांतून सात उगवली, सहा मेली, एक उरलं. त्याच्यासाठी आबांनी अंगणातल्या लिंबाखाली पुरुषभर खड्डा घेतला. काळी माती पावसात पाणी धरते आणि देवदाराच्या मुळांना ते चालत नाही, म्हणून ती काढून मुरूम आणि पालापाचोळा भरला. 2016 चा दुष्काळ आला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आणि इकडं आबा अंघोळीला बसत ते देवदाराच्या आळ्यात पाट मांडून. साबण बंद. "त्याला सोडा सोसत नाही," म्हणायचे. सोसायचं ते आम्हा शेजाऱ्यांना होतं.

त्याच सुमारास एका कीर्तनकारांकडून त्यांना कळलं की कालिदासाच्या रघुवंशात शंकरानं देवदाराला मुलगाच मानलाय. हत्तीनं अंग घासून त्याची साल सोलली तर पार्वती हळहळली आणि शंकरानं राखणीला कुंभोदर नावाचा सिंह बसवला. आबांनी दुसऱ्या दिवशी पारावर जाहीर केलं, "हा आपला दत्तक." आबांना मूलबाळ नाही. पाच एकर आहे आणि दोन पुतणे आहेत. दत्तक हा शब्द पाराकडून निघून संध्याकाळपर्यंत पुतण्यांकडं पोचला. दोघं रात्रीच्या गाडीनं सहकुटुंब आले, "नाव काय ठिवलं? वय काय?" असं दबकत विचारत राहिले, आणि दत्तकाला बघितल्यावर इतक्या आनंदानं जेवले की काकूंना दोनदा भाकऱ्या थापाव्या लागल्या. कुंभोदराच्या जागी आबांनी एक कुत्रं बांधलंय. ते शेळी दिसली की आबांच्या मागं लपतं.

आबांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस 2018 च्या डिसेंबरअखेरचा. परभणीत पारा 2 अंशांवर आला. कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात छापून आला. गाव शेकोटीला चिकटलेलं, आणि आबा बंडीवर, पेपर हातात धरून घरोघर. "मनाली झाली का नाही? बोला आता!" आठ दिवस खोकले. त्या खोकल्यावरही उपाय देवदाराचाच. काकूंची आई बाळंतिणीला देवदार्व्यादि काढा द्यायची, हे त्यांना आठवलं होतं. काकूंनी आठवण करून दिली की तो बाळंतिणीला देतात. आबांनी तरीही घेतला. कपड्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून देवदाराचं तेल, बैलाच्या खरजेला तेच, आणि एकदा पाहुण्यांच्या उशीलाही तेच. पाहुणे पुन्हा आले नाहीत, याचं श्रेय मी तेलाला देतो.

झाड आहे. कमरेएवढं आहे. वाढतं का, हे विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर आबांनी मनगटाकडं बघितलं आणि म्हणाले, "लेट हाय. रद्द नाही." ज्याच्या सावलीत ते तगलंय, त्या लिंबाला आजवर कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. त्याच्या लिंबोळ्यांचा सडा मात्र काकू रोज झाडतात, कारण दत्तकाच्या आळ्यात कचरा चालत नाही.

परवा ई-पीक पाहणीचा विषय निघाला. झाडाची सरकारदरबारी नोंद झालीच पाहिजे, असं आबांच्या मनानं घेतलं. पाहणीला आलेल्या पोराला धरून आणलं. त्यानं मोबाइलवर यादी खालीवर केली. आंबा आला, चिंच आली, देवदार काही बोटाला लागेना. शेवटी त्यानं चार पावलं मागं सरून फोटो काढला. चौकटीत लिंब मावला. नोंद झाली: लिंब, 1.

आबांनी हरकतीचा अर्ज लिहिलाय, तीन पानी. पुरावा म्हणून देवदाराच्या पानांचा झुबका टाचणीनं लावलाय. सुया मोजून पंचवीस, तसं समासात लिहूनही ठेवलंय. सोमवारी तो घेऊन मला परभणीला जायचंय. तिकिटाचे पैसे आबांनी आधीच हातावर ठेवलेत, अगदी सुट्टे.