पन्नास वॉटची शांतता

व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारा गिटार अ‍ॅम्प हट्टी असतो. आवाज पार वर चढवल्याशिवाय तो खुलत नाही. आणि ५० वॉटचा मार्शल पुण्यातल्या दोन खोल्यांत वर चढवला, की सोसायटीची तातडीची सभा भरते. यावर कुणीतरी हुशार हमखास सुचवतो, "मग स्पीकरची वायर काढून वाजव ना!"

हा सल्ला ऐकला की अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतात.

गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो, तसा या यंत्राला लोड लागतो, म्हणजे शक्ती रिचवणारं काहीतरी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कृपेने ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हना काही हजार ओहमचा भासतो आणि त्या भरवशावर ते बिचारे राबतात. स्पीकर काढला, की शक्तीला जायला वाटच उरत नाही. आत मुळातच ४००-५०० व्होल्ट खेळत असतात. तार जोरात छेडली की ते हजारोंच्या घरात उसळतात. मग सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणग्या पडतात, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पचं नेमकं उलटं: स्पीकर नसला तरी तो निवांत, वायरी शॉर्ट झाल्या की संपला. फेंडरच्या कितीतरी व्हॉल्व्हवाल्या अ‍ॅम्पमध्ये म्हणूनच स्पीकरची पिन उपसली, की आउटपुट आपोआप शॉर्ट होतं. व्हॉल्व्हना त्यातल्या त्यात तेच बरं.

तेव्हा खोटा स्पीकर आणणं आलं. तेवढ्याच ओहमचा दणकट रेझिस्टर, वॉट मात्र दुप्पट. कारण ५० हा आकडा स्वच्छ आवाजाचा, कान किटेपर्यंत चढवला तर अ‍ॅम्प जवळजवळ दुप्पट ओकतो. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी "८ ओहम, १०० वॉट" म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "हीटर करताय का?" "नाही, गिटारसाठी." त्याने सुटे पैसे जरा सहानुभूतीनेच परत दिले.

यात वेडेपणा काही नाही. बोस्टन बँडचा टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने 'पॉवर सोक' नावाचा डबाच बाजारात आणला. बरीचशी शक्ती डबा गिळतो, उरलेली स्पीकरला. फक्त डब्यापर्यंतची वायर स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक वायर तापून तुटली, तर डबा असून अ‍ॅम्प पोरका.

स्पीकरच नको, हेडफोनवर ऐकायचं, तर डब्यातून सिग्नल घेऊन संगणकात स्पीकरची नक्कल करावी लागते. गिटारचा खरा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. ती गाळणी नसली, तर ऐकणाऱ्याचे दात आंबतात.

एवढं सगळं जमवून मी बेभान वाजवत होतो. घरात फक्त तारांची किणकिण. आई आत आली, डब्याजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"हे काय रे?"

"लोड आहे. अ‍ॅम्पचा सगळा जोर यात जिरतो."

"म्हणजे विजेचा आधी आवाज करायचा आणि मग त्या आवाजाची धग?" तिने माझ्या चुरगळलेल्या शर्टाकडे पाहिलं. "इस्त्रीच का नाही लावत सरळ?"