उतरणकर्ता पुरुष

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात तरफ, कप्पी आणि पाचर यांच्या पंगतीला बसणारे ‘उतरण’ नावाचे एक साधे यंत्र असते, म्हणजे ओझे सरळ वर उचलण्याऐवजी तिरप्या फळीवरून सरकवत नेण्याची सोय, आणि बहुतेक माणसे ते सहामाही परीक्षेनंतर विसरून जातात. परंतु पुण्याच्या कोथरूड-सहकारनगरसारख्या भागांत असा एक वर्ग आढळतो, ज्याच्या आयुष्यात हे यंत्र निवृत्तीनंतर एकाएकी परत येते आणि मग घरातील इतर सर्व विषयांना बाजूला सारून बसते. घरचा म्हातारा कुत्रा मोटारीत स्वतःच्या पायांनी चढावा म्हणून स्वहस्ते उतरण तयार करणाऱ्या या गृहस्थाला, एकत्र कुटुंबातील ‘कर्ता पुरुष’ या जुन्या संज्ञेच्या चालीवर, ‘उतरणकर्ता पुरुष’ म्हणणे सोयीचे ठरेल. कुटुंबातील कर्तेपण एव्हाना पत्नीकडे आणि बँकेच्या ॲपकडे गेलेले असल्यामुळे, त्याच्या हाती उरलेले कर्तेपण तेवढेच असते.

हा पुरुष सामान्यतः पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम किंवा एखाद्या कारखान्याचा देखभाल विभाग यांतून निवृत्त झालेला असतो आणि बारा वर्षांपूर्वी, मुलाने खोक्यातून लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणले त्या संध्याकाळी, ‘या घरात एक तर हे राहील नाही तर मी’ असे त्याने जाहीर केलेले असते. पुढे मुलगा सिअ‍ॅटलला गेला आणि घरात हे दोघेही राहिले. या सहवासाची एक भाषिक खूण अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे: ज्या घरात तीन पिढ्या शुद्ध मराठीखेरीज दुसरे काही बोलल्या नाहीत, त्या घरातही कुत्र्याला आज्ञा मात्र ‘सिट’, ‘नो’ आणि ‘गुड बॉय’ अशा इंग्रजीतच दिल्या जातात, मराठी राखून ठेवलेली असते ती रात्री दिवे मालवल्यावर, कोणी ऐकत नसताना त्याच्याशी बोलण्यासाठी.

उतरणीची गरज निर्माण होते ती कुत्र्याच्या खुब्यातून. लॅब्रॅडॉर जातीत खुब्याच्या सांध्याची खोबण नीट न बसण्याचा दोष बराच आढळतो, वय वाढले की त्या सांध्यात संधिवात शिरतो, आणि जो कुत्रा कालपर्यंत डिकी उघडण्याच्या आवाजासरशी आत उडी मारत होता, तो एके दिवशी पुढचे दोन पाय काठावर टेकवून मागे वळून पाहतो. उभ्या कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे चढताना मागच्या पायांची, तर उतरताना खांद्यांची परीक्षा होते. वजन ३२ किलो. उतरणकर्त्याच्या स्वतःच्या कमरेला पट्टा आहे, गुडघ्यांबद्दल त्याला डॉक्टरांनी जे सांगितले तेच कुत्र्याच्या डॉक्टरांनी कुत्र्याबद्दल सांगितले आहे, आणि सांध्यांच्या गोळ्यांच्या दोन डब्या फ्रिजवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या असल्याने कोणती कोणाची हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो.

अशा वेळी सामान्य मनुष्य एखादी फळी शोधतो. उतरणकर्ता पुरुष वही उघडतो. डिकीच्या काठाची जमिनीपासूनची उंची टेपने तीनदा मोजून २८ इंच भरते, आणि नोकरीत मुरलेल्या सवयीने त्याला प्रथम आठवते ते चाकाच्या खुर्चीसाठी सार्वजनिक इमारतींत पाळावयाचे १:१२ हे प्रमाण, म्हणजे एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी. त्या हिशेबाने कुत्र्यासाठी २८ फुटांची उतरण लागते, जी मोटारीपासून निघून पार्किंग ओलांडते आणि वॉचमनच्या खुर्चीपाशी संपते. हा आराखडा तो रद्द करतो, पण फाडत नाही. मग सहा फुटांची फळी घेतली तर चढ २३ अंशांचा आणि आठ फुटांची घेतली तर १७ अंशांचा येतो, हे मुलाच्या दहावीच्या कंपासपेटीतील कोनमापकाने पडताळले जाते. १७ अंशांवर ३२ किलोच्या प्राण्याला उताराच्या दिशेने खाली ओढणारा भार सव्वानऊ किलोंच्या आसपास राहतो, हे तो जेवताना पत्नीला समजावून सांगतो, आणि त्याच ओघात १५८६ साली सायमन स्टीव्हिन या फ्लेमिश अभियंत्याने त्रिकोणावर गोळ्यांची माळ टाकून उतरणीचा नियम कसा सिद्ध केला, तेही सांगतो. पत्नी आमटी वाढता वाढता एवढेच विचारते, ‘अहो, पण त्याला विचारलंत का?’

साहित्याची खरेदी भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये होते. दुकानदार साधा प्लाय दाखवतो. उतरणकर्ता १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय मागतो, म्हणजे पाण्यात राहिला तरी थर न सुटणारा, वास्तविक कुत्र्याचा जलप्रवासाचा बेत नसतो. आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद तुकडा, खालून सागाच्या पट्ट्या, कडेला कुत्र्याचा पाय बाहेर जाऊ नये म्हणून इंचभर उंच कठडा, आणि वरच्या टोकाला काठात अडकणारी लोखंडी आकडी. पृष्ठभागाचा प्रश्न नाजूक असतो, कारण गुळगुळीत फळीवर नखे घसरतात आणि पॉलिशपेपर चिकटवला तर पंजे सोलवटतात. शेवटी काथ्याचे पायपुसणे उलगडून ठोकले जाते, त्यावरील ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे वरून खाली वाचता येतील अशा बेताने. कठड्याला लाल रंग देऊन झाल्यावर त्याच्या वाचनात येते की कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र कळत नाही. दुसऱ्या दिवशी कठडा पिवळा होतो. या सर्व काळात कुत्रा रंधून पडलेल्या भुश्श्यात झोपलेला असतो.

उद्घाटनाच्या दिवशी पहिला दोष उघड होतो, आणि तो गणितातला नसून वजनातला असतो: प्लाय एकटाच चौदा किलो, पट्ट्या, आकडी आणि काथ्या धरून उतरण वीस किलोंच्या घरात गेलेली असते, त्यामुळे ती तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला वॉचमनला बोलवावे लागते. वॉचमन एक टोक धरतो, दोन जिने उतरतो, आणि मग सद्भावनेने सुचवतो, ‘साहेब, दोघांनी मिळून कुत्र्यालाच उचललं असतं की.’ या सूचनेला उत्तर मिळत नाही. दुसरा दोष त्याहून गंभीर असतो. आठ फुटांची अखंड उतरण मोटारीत मावत नाही, म्हणजे कुत्रा घरी चढेल, परंतु जिथे जायचे तिथे उतरणार नाही. म्हणून दुसरी आवृत्ती मधोमध कापून पियानो बिजागरीवर घडी होणारी निघते. पियानो बिजागरी म्हणजे सलग पट्टीसारखी लांब बिजागरी, जी पियानोच्या झाकणाला असते. ही घडी डिकीत बरोबर बसते आणि नेमकी कुत्र्याची जागा व्यापते. तिसऱ्या आवृत्तीत मागची बाके आडवी होतात, आणि पत्नीला पुढच्या बाकावर भाजीची पिशवी, पाण्याची बाटली आणि कुत्र्याचा टॉवेल मांडीवर घेऊन बसावे लागते.

कुत्र्याला उतरणीची सवय लावण्याची रीत ठरलेली आहे: फळी आधी जमिनीवर सपाट ठेवून त्यावरून खाऊच्या लालचीने चालवायचे, मग एका पायरीवर टेकवायची, आणि धीर आल्यावर डिकीला लावायची. उतरणकर्ता ही रीत पाळतो, फक्त टप्प्यांना तो ‘चाचणी क्रमांक’ म्हणतो. कुत्रा सपाट फळीवरून नीट चालतो, पायरीवरच्या फळीवरून खाऊ संपेपर्यंत चालतो, आणि डिकीला लावलेल्या फळीपाशी येऊन तिचा वास घेतो, कडेने वळसा घालतो आणि तिच्याखाली सावलीत बसतो. प्रत्येक नकारानंतर उतरणकर्ता पाणसळ लावतो. चढ जास्त आहे, आकडी हलते आहे, काथ्या टोचतो आहे, अशी कारणे एकामागून एक दूर केली जातात. नकारामागे कुत्र्याचे स्वतःचे काही मत असू शकेल ही शक्यता मात्र कोणत्याही आवृत्तीत विचारात घेतलेली दिसत नाही, आणि सोसायटीच्या सभांतील त्याचे वर्तन ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

मापांची वही ही या वर्गाची मुख्य साधनसामग्री असून ती चाळण्यास मिळाल्यास पुष्कळ बोध होतो. आखीव रकाने, शिसपेन्सिलीचे टोकदार अक्षर, तारीख, लांबी, अंश, निष्कर्ष. ‘१७ अंश. चढला नाही.’ ‘१७ अंश, काथ्या बदलला. चढला नाही.’ ‘२३ अंश (चुकून जुनी सहा फुटी फळी लागली). एका दमात चढला.’ या शेवटच्या नोंदीखाली दुहेरी रेघ आहे, शेजारी प्रश्नचिन्ह आहे, आणि पुढची दीड पाने प्राण्यांच्या घोट्याला तीव्र चढ अधिक मानवतो काय, या प्रश्नाच्या आकडेमोडीने भरली आहेत. त्याच पानांच्या समासात, निळ्या बॉलपेनने, किराणा मालाच्या यादीतील हस्ताक्षराशी तंतोतंत जुळणाऱ्या अक्षरात, प्रत्येक नोंदीसमोर एकेक शब्द कोणी तरी लिहून ठेवला आहे: ‘दवाखाना’, ‘दवाखाना’, ‘तळजाई’, म्हणजे फिरायला जायची टेकडी. समासाकडे उतरणकर्त्याचे लक्ष गेल्याचा पुरावा अद्याप मिळालेला नाही. सहावी आवृत्ती अ‍ॅल्युमिनियमची करण्याचे घाटत आहे.