आज कोरड्यास काय?

पुण्याचे एक पाहुणे गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला आले. आत्यानं विचारलं, "कोरड्यास काय करू, पाव्हणं?" पाहुणे संकोचून म्हणाले, "कोरडं नको, काहीतरी रस्सेदार करा." आत्या म्हणाली, "अवं, कोरड्यास रस्सेदारच असतंय!"

मराठवाड्यात भाकरीशी जे खायचं ते कोरड्यास. पिठलं, शेंगदाण्याची आमटी, अंबाडीची भाजी. काहीच नसेल तर ठेच्यावर सोडलेली तेलाची धार. पातळ पदार्थाला कोरडं नाव कसं, हा प्रश्न शहराला पडतो. व्याकरणाला पडत नाही. कोरड्यास म्हणजे कोरड्याला. कोरडी भाकर घशाखाली उतरावी म्हणून दिलेलं. शब्दातच चतुर्थी बसली आहे आणि चतुर्थी ही देण्याची विभक्ती.

शब्दाचे उपयोगही अनेक. सकाळी ओट्यावरून "कोरड्यास काय?" आलं, तर ती खुशाली. रिकामी वाटी घेऊन आलं, तर उसनवारी. ताटावर बसून नवऱ्यानं विचारलं, तर भांडणाचा नारळ. ढाबेवाल्यांनी त्याचं 'ग्रेव्ही' असं बारसं केलं आणि पन्नास रुपये जास्त लावले.

सरकारदरबारी मात्र हा शब्द अजून पोचलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरी गेवराई तालुक्यातल्या शिवारांत शिरली. उभी कपाशी सडली. लोकांनी 'ओला दुष्काळ' जाहीर करा म्हटलं. उत्तर आलं, असा शब्द नियमावलीत नाही. पण दुष्काळात मिळतात त्या सवलती देऊ. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात, आणि कागदावर कोरडा! आत्या कोरड्याला ओलं देते, सरकारनं ओल्याला कोरडं दिलं.

ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आकडा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला. पण फुगलेल्या भाकरीत वाफच असते, हे चुलीपुढं बसणारीला सांगावं लागत नाही. कोरड्यासाची वाट बघत शेतकरी पंचनामा, आधार, केवायसी असे कोरडे घास चावत बसला.

गंमत म्हणजे तलवाड्याच्या देवीचं नावच त्वरिता. तिच्या पायाशी राहणाऱ्यांना 'त्वरित कार्यवाही' हे शब्द फक्त अर्जाच्या शेवटी लिहिता येतात. देवीनं एकदा कचेरीत येऊन रांगेत उभं राहावं. बहुधा तिलाही "उद्या या" म्हणतील.

तोपर्यंत आत्याचा कायदा बघा. पाहुणे वाढले की डाळीत तांब्याभर पाणी. डाळ पातळ होते, हे तीही कबूल करते. पण ती जेवायच्या वेळेला ताटात पडते, आणि वाढताना आत्या कुणाला सातबारा मागत नाही.