डावी सीट

गाडीच्या माहितीपत्रकात एक ओळ असते, ती फारसं कुणी वाचत नाही. ड्रायव्हरची सीट 'सिक्स-वे', शेजारची 'फोर-वे'. म्हणजे उजवी सीट पुढे-मागे सरकते, तिची पाठ मागे-पुढे कलते आणि ती वर-खालीही होते. डावीला यातल्या पहिल्या दोन गोष्टी जमतात, तिसरी नाही. तुमच्याआमच्या ऐपतीतल्या बहुतेक गाड्यांमध्ये वाटणी अशीच आहे. उजवीकडे निरनिराळ्या उंचीची माणसं बसतात आणि डावीकडे सगळी एकाच मापाची, असं कंपन्यांनी कुठेतरी ठरवून टाकलेलं दिसतं.

ते माप माझं नाही. माझी उंची 4 फूट 11 इंच. आमच्या गाडीत डाव्या सीटवर पाठ टेकून बसलं, की सीटची पुढची कड गुडघ्यामागे रुतते आणि पावलं अधांतरी राहतात. पावलं टेकवायला पुढे सरकावं तर पाठ सुटते. कंबरेला आधार म्हणून दिलेला फुगवटा कंबर सोडून खांद्याच्या पात्यांना ढकलत असतो. पट्टा गळ्याशी येतो. आणि डोकं टेकायची उशी येते ती नेमकी अंबाड्यावर. अंबाडा पुढे, म्हणून डोकं पुढे, म्हणून मान खाली. उत्साहाने माहेरी निघालेली ही बाई अशी मान खाली घालून का बसलीय, असा प्रश्न टोलनाक्यावरच्या माणसाला नक्की पडत असणार.

अमेरिकेत सरकार गाड्या समोरून आपटून बघतं. तिथे 2011 च्या मॉडेलांपासून ड्रायव्हरशेजारी जी बाहुली बसवतात, ती बाईची आहे, बेताच्या चणीची. उंची 4 फूट 11 इंच, वजन 49 किलोच्या आसपास. उंची वाचून मला एकदम भेटल्यासारखं वाटलं. वजनाचं आपण बोलायला नको. म्हणजे त्या जागेवर कोण बसतं याची कल्पना तज्ज्ञांना आहे, फक्त धडक बसते त्या क्षणापुरती आहे. धडक न बसता पुण्याहून माहेरी पाटणपर्यंत गेलं तर त्या बाहुलीच्या कंबरेचं काय होतं, हे कुणी तिला विचारत नाही.

बरं, डाव्या सीटवर नुसतं बसायचं असतं असंही नाही. फास्टॅग आल्यापासून सुट्टे पैसे काढायचं काम गेलं, बाकीचं सगळं आहे तिथेच आहे. नकाशातली बाई काय म्हणाली ते मराठीत सांगायचं, कारण तिचं ऐकायचं नाही हे आमच्या ह्यांनी आधीच ठरवलेलं असतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचं. संत्रं सोलून बिया काढून फोड हातात द्यायची. पावसाळ्यात काचेवर वाफ धरली की फडक्याने पुसायची, आणि "डावीकडून काही येतंय का?" याचं उत्तर ते वाहन येऊन पोचायच्या आत द्यायचं. मागे वळून पिशवी काढायची. सीट मात्र समोर बघत स्वस्थ बसलेल्या माणसासाठी बेतलेली असते. असा माणूस मी अजून कुठल्याही गाडीत डावीकडे पाहिलेला नाही.

आणि खड्डे. गाडी चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो स्टिअरिंग घट्ट धरतो, पायांवर भार घेतो, पाठ ताठ करतो. डावीकडच्याच्या हातात त्या क्षणी संत्रं असतं. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार-सहा हेलकाव्यांच्या आसपास सर्वांत जास्त हादरतो, असं कंपनं मोजणारे सांगतात. असले हादरे मधेच गिळणं हे सीटच्या फोमचं काम. फोम फार मऊ असेल तर तो पहिल्याच दणक्याला तळाशी जाऊन बसतो आणि पुढचा हिशोब थेट माकडहाडाशी. म्हणून शोरूममध्ये मऊ सीट जिंकते आणि कराड येईपर्यंत हरते. घाटात आणखी वेगळंच. कुंभार्लीच्या वळणांवर ड्रायव्हरला निदान चाक धरायला असतं. आम्ही दरवाज्यावरची कडी धरतो. त्यावर "घाबरतेस काय एवढी?" असं ऐकावं लागतं. घाबरण्याचा प्रश्न नसतो, घसरण्याचा असतो.

स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर चकतीवरचा दाब वाढतो आणि कंबरेला आधार देऊन पाठ जराशी मागे कलती केली की तो उतरतो, असं त्यांच्या मोजमापांतून दिसलं. सुई टोचून घ्यायला तयार झालेल्या त्या माणसांचे आपण आभार मानायला हवेत. हे सगळं मी ह्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. "मग जरा मागे टेकून बस," एवढंच उत्तर आलं. कशाला टेकून?

माझ्या लहानपणी कंबर हा विषयच नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली काकांची फियाट होती. पुढे सलग बाक, गिअर स्टिअरिंगजवळ, त्यामुळे मधे एक मूल सहज मावायचं. स्प्रिंगांचा तो बाक उंच होता. माणूस त्यात खुर्चीत बसावं तसा बसायचा आणि तसाच उठायचा. मग 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि मध्यमवर्ग जमिनीपासून वीतभर वर बसून प्रवास करू लागला. ती गाडी गुणी होती, पण तिच्यातून उतरणं म्हणजे उतरणं नव्हतं, चढणं होतं. पुढे 1998 मध्ये सँट्रो आणि पाठोपाठ वॅगन-आर आली, छपरं उंच झाली, सीटही कंबरेच्या उंचीला आल्या. गुडघे दुखणाऱ्या पिढीने या उंच गाड्यांना नावं ठेवत ठेवत त्या विकत घेतल्या, त्या काही उगाच नाही.

तर सीटवर उपाय. घरात कुणाला सीट बोचते असं कळलं की उपाय सुचवणारे कमी पडत नाहीत. आधी टॉवेलची गुंडाळी झाली. ती खंबाटकीच्या घाटापर्यंत कंबरेत राहते, नंतर खाली सरकते आणि भलत्याच जागी आधार देऊ लागते. मग सोफ्यावरची उशी. मग लाकडी मण्यांची ती जाळी, जी मुंबईत टॅक्सीवाल्यांच्या सीटवर असायची. उन्हाळ्यात तिच्यामुळे पाठीला वारा लागतो हे खरं, पण उतरल्यावर ब्लाउजवर तिचा नकाशा उमटलेला असतो. मधोमध खाच असलेली माकडहाडाची उशीही एका भाच्याने ऑनलाइन मागवून दिली. चांगली आहे. सध्या देवघरात पाटावर आहे, पोथी वाचताना उपयोगी पडते.

उश्यांचा एक धोका मात्र कुणी सांगत नाही, म्हणून इथे थांबून सांगते. सीटबेल्टचा खालचा पट्टा ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. जाड, लिबलिबीत उशीवर बसलं की अपघाताच्या झटक्यात उशी दबते, अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा वर पोटावर चढतो. हाडाने सोसायचं ते आतड्यांना सोसावं लागतं. पाठीमागे मोठा तक्क्या घेतला तर आपण तेवढे समोरच्या एअरबॅगच्या जवळ जातो. ती एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, तिला जागा लागते. कंबर वाचवताना बाकीचं शरीरही जमेला धरलेलं बरं.

सोसायटीतल्या एका हौशी गृहस्थांनी आख्खी सीटच बदलायचं सुचवलं. भंगारात गेलेल्या वरच्या मॉडेलची सीट आणायची, चार बोल्ट काढायचे, चार बसवायचे, झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण सीट म्हणजे नुसती गादी नव्हे. बहुतेक गाड्यांत पट्ट्याचं कुलूप सीटच्या सांगाड्यालाच धरलेलं असतं. खाली वायरी असतात, माणूस बसल्याचं ओळखणारी चकती असते. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांत शेजारच्यानेही पट्टा लावला नाही तर गाडी ठणाणा करते, तो याच चकतीमुळे. भाजीची पिशवी ठेवली तरी करते, कलिंगडाला तर हमखास. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतच शिवलेली असते. धडकेत हा सगळा सांगाडा उपटून निघतो का, हे आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये ओढून-ताणून तपासतात. मग आपण भंगारातली सीट आणून, अंदाजाने भोकं जुळवून बसवायची आणि तिच्या भरवशावर घाट उतरायचा, हे मला पटेना. वर गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आहे. हा दुसरा अधिक बारकाईने बघतो.

शेवटी नाना पेठ. पुण्यात वाहनाचं काहीही अडलं की माणूस तिथे जातो. सीटचं काम करणाऱ्याने गाडीकडे बघून पहिला प्रश्न केला, "काकू, ड्रायव्हर सीट करायची ना?"

"नाही, डावी."

"डावीला काय झालं?" म्हणून तो स्वतःच बसला. चांगला पावणेसहा फुटी माणूस. "मस्त तर आहे!"

याआधी मेकॅनिक बसला होता, शोरूमचा सर्व्हिस मॅनेजर बसला होता, सोसायटीतले गृहस्थ बसले होते. सगळ्यांना सीट मस्त वाटली होती. मी म्हटलं, "आता तुम्ही उठा, मी बसते, आणि तुम्ही बघा."

तो खाली वाकून बघत राहिला. मग माझ्या लोंबत्या पायांकडे बोट दाखवून म्हणाला, "गुडघ्यामागे दोन बोटं जायला पाहिजेत, काकू. इथे कागद जाणार नाही." गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या कंबरेबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं शहाणं वाक्य.

त्याने आधी सीटच्या कडा चाचपल्या, एअरबॅगची पट्टी शिवलेली नाही याची खात्री केली. "ती असली तर मी हातच लावत नाही," म्हणाला. आमची गाडी खालच्या मॉडेलची, त्यामुळे गरिबीचा हा एक फायदा झाला. सांगाडा, बोल्ट, पट्टा यांना त्याने स्पर्श केला नाही. कव्हर खालून धरून ठेवणाऱ्या बारीक तारेच्या कड्या पकडीने सोडवल्या. आतला फोम बाहेर काढला. पुढची कड हॅकसॉच्या ब्लेडने तासून उतरती केली. मागच्या बाजूला मूळ फोमच्या खाली कडक फोमची पाचर घातली, म्हणजे बूड जरा वर आलं आणि पाय खाली. मऊ फोम मीच सुचवला होता. त्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मऊ दुकानात बरा वाटतो." पाठीतला फुगवटा खांद्यांजवळून उतरवून कंबरेशी आणला. ती चकती जिथली तिथे, पूर्वीच्याच पातळीला ठेवली आणि मला बसवून, पट्टा काढायला लावून, गाडी ओरडते का ते बघितलं. गाडी ओरडली. त्या आवाजाचा मला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

दुपारभराचं काम. पैसे किती घेतले ते सांगत नाही, पण गाडी घेताना शोरूमने जी गुळगुळीत रेक्झिनची कव्हरं आमच्या गळ्यात मारली होती, त्यापेक्षा कमी. ती कव्हरं आता माळ्यावर आहेत. उन्हात तापायची आणि ब्रेक मारला की माणसाला अलगद पुढे वाढून द्यायची. अंबाड्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. डोक्यामागची उशी काढून टाकू नका, असं त्याने बजावलं, आणि बरोबरच आहे. मागून धडक बसली तर मान तीच वाचवते. मी वेणी घालायला लागले.

दिवाळीत मुलगा आला. त्याने चाक घेतलं, मी मागे गेले आणि हे पहिल्यांदाच डावीकडे बसले. खेड-शिवापूर यायच्या आतच हालचाल सुरू झाली. "ह्या सीटला काय करून ठेवलंय? काहीतरी टोचतंय." मी म्हटलं, "अहो, सवय होईल." त्यापुढे कात्रजच्या बाजूला परत येईपर्यंत त्यांनी वरची कडी सोडली नाही, आणि संत्रं कुणी सोललं नाही.

यातून मला एक जुनी गोष्ट लख्ख आठवली. आम्ही ही गाडी घ्यायला गेलो तेव्हा टेस्ट ड्राइव्ह झाली होती. हे उजवीकडे. डावीकडे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला शोरूमचा मुलगा, मायलेज सांगत. मी मागे, पर्स मांडीवर. पुढची कितीतरी वर्षं त्या डाव्या सीटवर जी बसणार होती, तिच्याशिवाय बाकी सगळे पुढे बसून आले आणि गाडी पसंत झाली. आजूबाजूला विचारून बघा, बहुतेक घरांत गाडी अशीच घेतली जाते.

तेव्हा गाडी घ्यायला जाणार असाल तर शोरूमच्या त्या मुलाला मागे बसवा. त्याला मायलेज मागूनही सांगता येतं. जी किंवा जो डावीकडे बसणार, तिलाच किंवा त्यालाच डावीकडे बसवा, रोजच्या चपला घालून, अंबाडा असेल तर अंबाड्यासकट. शोरूमच्या बाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. जिथे खड्डे आहेत तिथे गाडी न्या, पुण्यात ते शोधावे लागत नाहीत. निदान अर्धा तास बसा, आणि जाताना बरोबर दोन संत्री न्या.